बागेचं टपाल : गर्द पानं आणि अर्धी बादली पाणी

गेल्या अंकात माझ्या दारातल्या लाल युफोर्बियाबद्दल सहज चार ओळी लिहिल्या होत्या. आठवड्याला अर्ध्या बादलीवर दोन उन्हाळे काढलेलं झाड, एवढंच म्हटलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं टपाल सगळं त्याच रंगाचं निघालं. जांभळी, किरमिजी, तांब्याच्या भांड्यासारखी, काळपट अशी पानं. गुलाबवाल्यांनी रागावू नये, त्यांचा नंबर पुढच्या महिन्यात.

नव्या वाचकांसाठी एक सांगते. मी सोलापूरची. यजमानांबरोबर हायवेलगत २२ वर्षं रोपवाटिका चालवली. आमच्याकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, मे महिन्यात ४२-४३ अंश, आणि नळ रोज येत नाही. माझी उत्तरं या मातीतली आहेत. कोकणातल्या मंडळींनी ती जशीच्या तशी उचलू नयेत.

प्रश्न : नर्सरीतून दारूच्या रंगाच्या पानांची अकॅलिफाची तीन रोपं आणली. करपू नयेत म्हणून कडुलिंबाखाली लावली, दर पंधरा दिवसांनी चमचाभर युरिया घालते, पाणी रोज. चार महिन्यांत पानं हिरवट-मळकट झाली. नर्सरीवाल्याने फसवलं का?
– एक गृहिणी, बार्शी

नाही हो, त्या बिचाऱ्याने फसवलं नाही. तुम्हीच फार माया केलीत.

घरात एक प्रयोग करून बघा. अकॅलिफाची दोन गर्द पानं पातेल्यात उकळा. रंग पाण्यात उतरतो आणि खाली हिरवट पान राहतं. म्हणजे हिरवा रंग आत होताच, वरचा लाल-जांभळा हा अंगावर घेतलेल्या उपरण्यासारखा. त्या रंगद्रव्याला ॲन्थोसायनिन म्हणतात. (लाल माठ शिजवताना पाणी लाल होतं ते पाहिलंच असेल. माठातलं आणि बिटातलं रंगद्रव्य वेगळं, पण तेही पाण्यात असंच उतरतं.) कडक उन्हापासून पानाला आडोसा म्हणून झाड हा रंग तयार करतं. आता तुम्ही त्याला कडुलिंबाची छत्री दिलीत, मग ते उपरणं कशाला पांघरेल? त्यात युरिया. युरियातल्या नत्राने फूट भराभर येते, लुसलुशीत येते आणि हिरवी येते. रंग हवा असेल तर अशा झाडांना थोडं अर्धपोटी ठेवावं लागतं.

काय करायचं? युरिया आजपासून बंद. पाऊस सुरू झाला की रोपं मुळांच्या मातीसकट उचला आणि सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी लावा. भर मे महिन्यात मात्र हलवू नका. सावलीत वाढलेलं पान एकदम उन्हात आणलं तर भाजतं. आणि मळकट झालेल्या पानांकडे रोज बघत बसू नका. नवी पालवी फुटेल तिच्यावर रंग येईल. एखादी फांदी अगदी निखळ हिरवीच फुटत असेल तर ती बुडापासून कापून टाका. ती जोमदार असते आणि बाकीचं झाड गिळते.

प्रश्न : निवृत्तीनंतर गावाबाहेर घर बांधलं. जमीन मुरमाड. उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो, त्यामुळे बागेला आठवड्यातून दोनदाच पाणी देता येईल, तेही बादलीने. मिसेसना गर्द पानांची झुडपं फार आवडतात. कोणती लावावीत, कशी लावावीत, आणि काय लावू नये, सविस्तर लिहावं.
– निवृत्त शिक्षक, करमाळा

गुरुजी, सविस्तर लिहिते, पण आधी "काय लावू नये" ते सांगते. पैसे तिथेच जातात.

नर्सरीत गर्द पानांची झाडं एका ओळीत मांडलेली असतात, म्हणून ती सगळी एकाच स्वभावाची वाटतात. तसं नसतं. कॉर्डिलाइन, ज्याला आपल्याकडे सर्रास लाल ड्रॅसिना म्हणतात, दमट हवेचं झाड आहे. करमाळ्याच्या उघड्या वाऱ्यात त्याची पानं टोकापासून कागदासारखी होतात. क्रोटन रंगाला राजा, पण पाणी चुकलं की पानं गाळून बसतो, आणि कोरड्या हवेत त्याच्यावर लाल कोळी ही बारीक कीड पडते. ही दोन्ही व्हरांड्यातल्या कुंडीत ठेवा, जमिनीत नकोत.

जमिनीत लावायला पहिला नंबर लाल युफोर्बियाचा. मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडचा मूळ रहिवासी. गोलसर पानं, तीन-तीनच्या चक्रात येणारी, पिकल्या जांभळासारखी. मोकळं सोडलं तर बारा-तेरा फूट जातं, छाटलं तर झुडूप राहतं. पाण्याचा फार ताण पडला की पानं टाकून देतं. लोक घाबरून उपटतात, तसं करू नका. नखाने फांदी खरवडून बघा. आत हिरवं आणि चीक असेल तर ते नुसतं झोपलं आहे. याच्या चिकाबद्दल पुढच्या पत्रात लिहिलं आहे, ते वाचल्याशिवाय मात्र विकत आणू नका.

दुसरा नंबर पर्पल हार्टचा. हे झुडूप नाही, जमिनीवर पसरणारं आहे, पण झुडपांच्या पायाशी याच्यासारखं काही नाही. हेही मेक्सिकोचंच. याची कांडी मोडून मुरमात खोचली तरी लागते. मी एकदा उपटलेला गठ्ठा कंपोस्टच्या ढिगाकडेला टाकून विसरले. पंधरा दिवसांनी बघते तर तो तिथेच फुलला होता. शेजारणीला एक कांडी मागा, विकत घ्यायची गरज नाही.

अकॅलिफा तिसऱ्या नंबरावर, आणि तोही अटीवर. ते पॅसिफिक बेटांवरचं झाड, पाण्याची सवय असलेलं. तहान लागली की दुपारी मान टाकतं, पाणी दिलं की संध्याकाळपर्यंत उभं. तुमच्याकडे दोन-तीनच लावा, घराच्या पूर्वेला. पश्चिमेच्या भिंतीला कधी नाही. मी स्वतः आमच्या पत्र्याच्या फाटकाशेजारी हौसेने सहा लावली होती. गर्द पान आधीच ऊन पितं, त्यात पत्र्याची झळ. एप्रिलच्या एका आठवड्यात सहाही तंबाखूच्या पानांसारखी झाली.

जांभळ्या पानांचा डोडोनिया मिळाला तर मला कळवा, मीच घ्यायला येईन. त्याचा हिरवा भाऊ दख्खनच्या कोरड्या टेकड्यांवर आपोआप वाढतो. जांभळा प्रकार न्यूझीलंडमध्ये सापडला, तिथले माओरी लोक त्या झाडाला अकेआके म्हणतात. थंडीत रंग चढतो. पाणी फार थोडं लागतं. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत मला क्वचितच दिसला.

आता लावायचं कसं. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होऊ द्या, मग लावा. मुरमात दीड-दोन फुटी खड्डा घेतला आणि तळ टणक लागला तर पहारीने तळाला चार भोकं पाडा. नाहीतर तो खड्डा पावसाळ्यात हौद होतो, आणि आमच्या अनुभवात ही झुडपं तहानेपेक्षा पाय ओले राहून जास्त मेली. (काळ्या मातीवाल्यांनी तर वरंब्यावरच लावावं.) खड्ड्यात काढलेलाच मुरूम, त्यात एक पाटी पोयटा माती, अर्धी पाटी कुजलेलं शेणखत. यापेक्षा जास्त लाड नको. सगळा खड्डा गोडधोडाने भरला तर मुळं तिथेच गोल फिरत राहतात, बाहेरच्या मुरमात जातच नाहीत.

पाणी. लोक रोज तांब्या-तांब्या ओततात, त्यात माझा जीव वर-खाली होतो. तांब्याभर पाण्याने वरची दोन बोटं माती भिजते, मुळं वरच येतात, आणि वरचीच माती सगळ्यात आधी तापते. त्याऐवजी दर चार दिवसांनी अर्धी बादली, म्हणजे सात-आठ लिटर, आळ्यात हळूहळू सोडा. दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई मातीत खुपसून बघा. जिथपर्यंत सहज जाते तिथपर्यंत ओल. वीतभर गेली तर कमी पडलं, हातभर गेली तर उत्तम. पहिला उन्हाळा असा सांभाळायचा. दुसऱ्या वर्षी युफोर्बियाला आठवड्याला एकदा पुरतं, पुढे त्याहून कमी. सांगोल्याकडच्या डाळिंबवाल्यांना ताण म्हणजे काय, म्हणजे झाडाचं पाणी मुद्दाम तोडणं, ते सांगावं लागत नाही. तसंच इथेही, फक्त ताण हळूहळू द्यायचा.

बाजारातला साधा, न रंगवलेला मातीचा माठ आणा. झाडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भरा, वर झाकण. पाणी पाझरत राहतं, मुळं त्याच्याकडे सरकतात. तुम्ही चार दिवस गावाला गेलात तरी झाडाला कळत नाही. आळ्यावर चार बोटं जाडीचं पाचट किंवा वाळला पाला अंथरा, पण खोडाला टेकवू नका आणि वाळवीवर लक्ष ठेवा. शोभेचे काळे गोटे पसरायची आता फॅशन आहे. करमाळ्याच्या उन्हात ते तव्यासारखे तापतात. मिसेसना समजावून सांगा.

प्रश्न : तुमचं वाचून युफोर्बिया आणलं, मग शेजारी म्हणाले विषारी आहे. घरात चार वर्षांचा नातू आणि एक कुत्रा. काढून टाकू का?
– एक आजी, इचलकरंजी

शेजारी खरं बोलले. गेल्या अंकात मीच हे लिहायला विसरले, तेव्हा चूक माझी.

पान किंवा फांदी तोडली की पांढरा चीक येतो. तो कातडीवर गेला तर आग होते, पुरळ येतं. डोळ्यात गेला तर फार वाईट. आमच्याकडे छाटणी करणारा एक मुलगा होता. त्याने चिकाच्या हाताने कपाळाचा घाम पुसला आणि चीक डोळ्यात उतरला. आम्ही नळाखाली पाव तास डोळा धुतला आणि तसंच डॉक्टरांकडे नेलं. डोळा वाचला, पण दोन दिवस त्याला उजेड सहन होत नव्हता. तेव्हापासून छाटणीला रबरी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या. कापलेल्या जागी लगेच थंड पाण्याचा फवारा मारला की चीक थांबतो. कापलेल्या फांद्या शेकोटीत जाळू नका, धूरही त्रास देतो.

तुमच्याबद्दल म्हणाल तर नातू सहा-सात वर्षांचा होईपर्यंत ते झाड कुंपणाबाहेर किंवा दुसऱ्या कुणाच्या दारात बरं. दरम्यान अकॅलिफा लावा. आणि लाल पानांचा एरंड दिसायला फार देखणा असतो, कुणी बी देईल, घेऊ नका. एरंडाच्या बीत खरंच जीवघेणं विष असतं आणि ती बी ठिपक्यांची, मुलांना गोट्यांसारखी वाटते.

प्रश्न : बोअरच्या पाण्यावर गर्द पानांच्या कुंड्या आहेत. पानांची टोकं जळतात, कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो. बुरशीनाशक मारलं, फरक नाही.
– एक वाचक, संगमनेर

पडणार कसा? ते क्षार आहेत. रोज थोडं थोडं पाणी दिलं की पाणी उडून जातं आणि क्षार कुंडीत साचतात. महिन्यातून एकदा तळातून भरपूर पाणी वाहून जाईल इतकं द्या, शक्यतो साठवलेलं पावसाचं. थर आलेली वरची माती काढून नवी घाला. घरच्या आरओ फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी वाया जातं म्हणून कुंडीत घालत असाल तर ते आधी थांबवा, त्यात क्षार बोअरपेक्षाही जास्त. तांदूळ-डाळ धुतलेलं चालतं.

प्रश्न : पर्थला राहते. वाळूसारखी माती, स्प्रिंकलर आठवड्यातून दोनच दिवस, हिवाळ्यात तर बंदच. आईच्या सांगलीच्या अंगणात तांबड्या अकॅलिफाचं कुंपण होतं, तसं इथे करायचं आहे. येताना फांद्या आणू का?
– एक वाचक, पर्थ

फांद्या अजिबात आणू नका! ऑस्ट्रेलियात झाडाबियांची तपासणी किती कडक आहे ते मी विमानतळावर पाहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी पर्थला लेकीकडे चार महिने होते, आणि माझ्या पिशवीतल्या मेथीदाण्यांवरूनच पाऊण तास गेला.

तिथलं सगळं आपल्या उलटं. पाऊस जून ते ऑगस्ट, पण तो हिवाळा, आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा. म्हणून लागवड एप्रिल-मेमध्ये, पहिल्या पावसाबरोबर, म्हणजे मुळांना पूर्ण हिवाळा मिळतो. दुसरं, तिथली वाळू पाणी पीतच नाही. मी झारीने पाणी घातलं तर थेंब पारा सांडल्यासारखे घरंगळत गेले. खाली उकरलं तर कोरडी ठक्क. तिथे त्यासाठी वेटिंग एजंट, म्हणजे वाळूला पाणी प्यायला लावणारं औषध, मिळतं, शिवाय वाळूत चिकणमाती आणि कंपोस्ट मिसळतात. ते आधी करा, झाडं नंतर.

अकॅलिफाचं अख्खं कुंपण त्या पाण्यात जगवायचं म्हणजे रोज त्याची सेवा. आईची आठवण म्हणून एक मोठ्या कुंडीत ठेवा, दाराशी, दुपारची सावली असेल तिथे. कुंपणाला तिथली झाडं बघा. पर्थकडे पेपरमिंट म्हणतात ते ॲगोनिस हे तिथलंच झाड, त्याचा आफ्टर डार्क नावाचा वाण जवळजवळ काळ्या पानांचा आहे. पानं विळ्यासारखी लांब, वाऱ्यात हलतात तेव्हा फार सुंदर दिसतात. जांभळा डोडोनियाही तिथे कुंपणाला चालतो, मला सोलापुरात मिळत नाही त्याचा हेवा वाटला. ल्युकाडेंड्रॉन या झुडपाचा सफारी सनसेट हा तांबडा वाण लावलात तर त्याला आपल्या सवयीने हाडांचं खत किंवा सुपर फॉस्फेट घालू नका. त्या कुळाला स्फुरद (फॉस्फरस) सोसत नाही. लेकीच्या शेजाऱ्यांचं असंच एक झाड गेलं.

प्रश्न : बंगल्याचं पूर्ण कुंपण काळपट पानांचं केलं तर कसं दिसेल? भिंत ग्रे रंगाची आहे, गडद.
– एक वाचक, लातूर

दिसणारच नाही. गडद भिंतीपुढे गडद पान म्हणजे रात्री काळी म्हैस शोधण्यातला प्रकार. भिंतीला चुन्यासारखा उजळ रंग द्या, किंवा दर तीन गर्द झुडपांमागे एक रुपेरी पानांचं ल्युकोफायलम लावा. त्यालाही पाणी थोडंच लागतं, आणि पाऊस येऊ घातला की जांभळी फुलं येतात. पायाशी कोरफड. सूर्य झुडपांच्या मागून येईल अशी जागा असेल तर तीच निवडा. सकाळी सातला युफोर्बियाच्या पानातून ऊन आरपार येतं तेव्हा ते काळपट राहतच नाही, माणकासारखं पेटतं. आमचे यजमान चहा घेऊन मुद्दाम त्या बाजूला बसतात.

प्रश्न : रस्त्याकडेला एक झुडूप दिसलं. कोवळी पानं चकचकीत जांभळी-तांबडी, लहान लाल फुलं, पानांच्या देठावर चिकट केस. पाणी कुणी घालत नाही तरी मस्त आहे. आणून लावू का?
– एक कॉलेजविद्यार्थी, जत

डोळा चांगला आहे तुझा, पण नको. वर्णनावरून ते जॅट्रोफाच्या कुळातलं दिसतं, लाल पानांचं रानएरंड म्हण. मध्य-दक्षिण अमेरिकेकडून आलेलं तण आहे. फळं तडकून बिया लांब उडतात आणि दोन वर्षांत तुझ्या दारापासून ओढ्यापर्यंत तेच दिसेल. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला याने गुरांच्या कुरणांची वाट लावली आहे. बिया विषारी. लांबून बघ, फोटो काढ.

प्रश्न : डोंबिवलीत एकच खिडकी, तीन कुंड्या. आमच्यासाठी काही आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

काळी तुळस. आपल्या घरातलं सगळ्यात जुनं गर्द पानांचं झुडूप तेच, आणि नेमकं तेच आपण या यादीत धरत नाही. खिडकी उन्हाची हवी, नाहीतर तीही हिरवी पडेल. मातीत बोट घालून बघा, वरचं पेर कोरडं लागलं तरच पाणी. मंजिऱ्या आल्या की खुडत जा, म्हणजे झाड दाट राहतं. रविवारी आणि द्वादशीला तुळस खुडू नये असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. बाकीचे दिवस तुमचे.